मुंबईत पाण्याची आणि गटाराची तक्रार : नोंदवण्यापासून तडीस नेईपर्यंत

पाऊस जाऊन महिना उलटला आहे, तरीही सोसायटीच्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला पाणी वाहते आहे. सचिव १९१६ या क्रमांकावर फोन करतात, 'रस्त्यावर पाणी साचले आहे' एवढेच सांगतात आणि तक्रार क्रमांक लिहून घेतात. चार दिवसांनी ती तक्रार 'या खात्याशी संबंधित नाही' अशा शेऱ्यासह निकाली निघते. अशा वेळी यंत्रणेवर राग येणे साहजिक आहे; पण पुष्कळदा खोट तक्रारीच्या पहिल्याच वाक्यात असते. महापालिकेच्या दप्तरी 'रस्त्यावरचे पाणी' नावाचा प्रकारच नाही. नळाचे पाणी जलकामे खात्याचे, सांडपाणी मलनिःसारण खात्याचे आणि पावसाचे पाणी पर्जन्यजल वाहिन्या खात्याचे. या तिघांचे अभियंते वेगळे, कामगार वेगळे आणि कंत्राटदारही वेगळे असतात.

या लेखात पाणी आणि गटार हा विषय सविस्तर घेतला आहे, कारण मुंबईतल्या रहिवाशाला वर्षातून एकदा तरी त्याला तोंड द्यावे लागते. तक्रार लिहिणे, तिची पोच घेणे, पाठपुरावा आणि माहिती अधिकार या पुढच्या पायऱ्या मात्र कचरा, खड्डे, पदपथ किंवा झाडांच्या फांद्या यांनाही तशाच लागू पडतात.

पहिली पायरी : पाणी कोणाचे, ते ओळखा

मुंबईत बहुतेक ठिकाणी नळाला चोवीस तास पाणी नसते. सात धरणे-तलावांमधून दररोज सुमारे ३,९०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी शहरात येते आणि ते भागाभागाने, ठरलेल्या वेळी सोडले जाते. महापालिकेचा चावीवाला ठरलेल्या वेळी झडप उघडतो आणि ठरलेल्या वेळी बंद करतो. ही वेळ तुमच्या पहारेकऱ्याला किंवा पंप चालवणाऱ्याला तोंडपाठ असते. ती त्याच्याकडून विचारून घ्या आणि रस्त्यावरच्या पाण्यावर दोन दिवस नजर ठेवा. नळाच्या वेळेत धार वाढत असेल आणि नंतर ओसरत असेल, तर जलवाहिनी किंवा एखादी जोडणी गळते आहे असे समजायला हरकत नाही. सकाळी घराघरांत आंघोळी आणि धुणी चालू असताना पाणी वाढत असेल, त्याला वास असेल किंवा साबणाचा फेस दिसत असेल, तर मलवाहिनी तुंबलेली आहे. पाऊस पडला की कित्येक तास ओसरत नाही आणि एरवी तिथे थेंबही नसतो, असे असेल तर पर्जन्यजलवाहिनीत गाळ भरला आहे किंवा तिच्या तोंडावर कचरा अडकला आहे.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर क्लोरीनची चाचणी करावी. जलतरण तलावांसाठी ऑर्थोटोलिडीन द्रावणाचा छोटा संच बाजारात मिळतो. साचलेल्या पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन त्यात द्रावणाचे काही थेंब टाकले आणि पाणी पिवळसर झाले, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचे पाणी आहे. गळती शोधताना महापालिकेचे कर्मचारीही क्लोरीनच तपासतात. मात्र रंग आला नाही म्हणून ते नळाचे पाणी नव्हेच, असा उलटा निष्कर्ष काढू नये, कारण मातीत आणि घाणीत मिसळल्यावर क्लोरीन लवकर संपून जातो. द्रावण हाताला लागू देऊ नये आणि तपासलेले पाणी तोंडात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरी पायरी : नळाला गढूळ पाणी येत असेल तर आधी आपली टाकी उघडा

दूषित पाण्याची तक्रार सर्वांत तातडीची असते आणि नेमका त्याच वेळी घाईत चुकीचा दरवाजा ठोठावला जातो. मी आमच्या सोसायटीची सचिव असताना वरच्या मजल्यांवरून पाण्याला वास येत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. मी त्याच दिवशी 'महापालिकेचे पाणी दूषित आहे' असे पत्र लिहून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी आलेल्या कनिष्ठ अभियंत्याने मीटरजवळची तोटी उघडून नमुना घेतला. पाणी नितळ होते आणि क्लोरीनही व्यवस्थित होता. मग त्याने आमच्या जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडायला लावले. टाकीच्या भिंतीला बोटभर तडा गेला होता, आणि त्या भिंतीपासून दोन हातांवर आमच्याच ड्रेनेजचे चेंबर तुंबलेले होते. पत्र मागे घेताना मला फार ओशाळल्यासारखे झाले.

म्हणून आधी चार ठिकाणचे पाणी, शक्य असल्यास एकाच सकाळी, चार स्वच्छ काचेच्या बाटल्यांत घ्यावे : मीटरजवळ, म्हणजे टाकीत पडण्याआधीचे, जमिनीखालच्या टाकीतले, गच्चीवरच्या टाकीतले, आणि एखाद्या घरातल्या स्वयंपाकघराच्या नळाचे. प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी आणि चारही बाटल्या पांढऱ्या कागदासमोर ठेवून छायाचित्र काढावे. मीटरजवळचे पाणी स्वच्छ आणि पुढचे गढूळ असेल, तर दुरुस्ती सोसायटीची आहे. मीटरजवळच पाणी खराब असेल, तर महापालिकेकडे जावे.

मीटरजवळ खराब पाणी येण्याचे कारण बहुधा एकच असते. झडप बंद झाली की वाहिनी रिकामी होते आणि तिच्यातला दाब उतरतो. अशा वेळी गंजलेल्या जोडणीच्या भोकांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. मग पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे काळसर किंवा वासाचे पाणी येते आणि नंतर ते हळूहळू निवळते. हे तक्रारीत आवर्जून लिहावे, कारण 'पहिली दहा मिनिटे खराब, नंतर स्वच्छ' या एका वाक्यावरून अभियंत्याला बिघाड कुठे असेल याचा बराच अंदाज येतो. मुख्य जलवाहिनीपासून तुमच्या मीटरपर्यंत येणारी जोडणी ही ग्राहकाची जबाबदारी मानली जाते, हेही लक्षात असू द्या. गंजलेली जोडणी बदलायची तर परवानाधारक प्लंबर नेमावा लागतो, रस्ता खोदण्याची परवानगी घ्यावी लागते आणि खर्च सोसायटीलाच करावा लागतो. शेजारच्या दोन-तीन इमारतींनाही तसेच पाणी येत असेल, तर मात्र दोष बहुधा वाटपाच्या वाहिनीत असतो. म्हणून तक्रार करण्याआधी शेजारच्या सचिवांना एक फोन जरूर करावा.

प्रयोगशाळेतील तपासणीसाठी घरच्या बाटलीतले पाणी चालत नाही. जिवाणूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, तिच्यात क्लोरीनचा परिणाम थांबवणारे रसायन आधीच घातलेले असते, आणि नमुना थंड ठेवून काही तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. म्हणून नमुना महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनीच घ्यावा अशी लेखी मागणी करावी आणि तो घेताना सोसायटीचा एक माणूस हजर ठेवावा. अहवाल हातात आला की दोन गोष्टी पाहाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू अजिबात सापडता कामा नये आणि मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. अहवाल येईपर्यंत पाणी उकळून प्यावे, हे सूचनाफलकावर त्याच दिवशी लावावे.

तिसरी पायरी : जागा कोणाच्या हद्दीत आहे ते पाहा

मुंबईत हद्दींचा गुंता मोठा आहे. बहुतेक रस्ते महापालिकेचे आहेत आणि २०२२ मध्ये पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्गही एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) तिच्याकडे आले. पण मेट्रोच्या कामासाठी अडवलेला रस्त्याचा पट्टा, रेल्वेची जमीन, बंदर प्राधिकरणाचा परिसर, म्हाडाच्या वसाहती आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या इमारती यांचे नियम वेगळे आहेत. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, जुन्या इमारतीच्या गळक्या मोरीची तक्रार घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात (वॉर्ड ऑफिसात) गेलात, तर तुम्हाला म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडे पाठवले जाईल, आणि ते बरोबरच असते. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतांशी अदानी आणि भांडुप-मुलुंड पट्ट्यात महावितरण, अशी वाटणी आहे. खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घेतला की अर्धे काम होते.

महापालिकेत प्रशासकीय विभाग आणि निवडणुकीचा प्रभाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागांना ए, बी, सी पासून टी पर्यंत इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. के पश्चिम, जी उत्तर, एम पूर्व अशी ती ओळखली जातात. प्रभाग २२७ आहेत आणि ते नगरसेवकांचे असतात. तक्रारीवर विभागाचे नाव लिहावे लागते. ते मालमत्ता कराच्या देयकावर छापलेले असते.

चौथी पायरी : तक्रार लिहा

फोनवर तक्रार करण्याआधीही ती कागदावर लिहून काढावी, म्हणजे फोनवर बोलताना महत्त्वाचे काही निसटत नाही. तक्रारीत भावनांना जागा नसावी. 'कित्येक महिन्यांपासून', 'वारंवार सांगूनही' असल्या शब्दांपेक्षा एक तारीख अधिक उपयोगी पडते. नमुना असा :

'प्रति, सहाय्यक अभियंता (जलकामे), अमुक विभाग. विषय : पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीतील गळतीबाबत. महोदय, अमुक मार्गावर, आमच्या इमारतीच्या फाटकापासून उत्तरेस सुमारे १५ फुटांवर, पदपथाच्या कडेने दि. ३ पासून पाणी वाहत आहे. नळाचे पाणी सुटण्याच्या वेळेत, म्हणजे पहाटे ५ ते ८, प्रवाह वाढतो व नंतर कमी होतो. पाण्यास वास नाही. क्लोरीन चाचणीत पिवळा रंग आला. सोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत. कृपया जागेची पाहणी करून दुरुस्ती करावी व केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे.'

एका पत्रात एकच तक्रार असावी. पाणी, कचरा आणि फेरीवाले यांचे एकच पत्र लिहिले, तर ते तीन खात्यांमध्ये फिरते आणि बहुधा त्यांतल्या एकाच खात्याच्या फाइलमध्ये राहून जाते. खात्यांची नेमकी नावे ठाऊक असली की पत्र योग्य टेबलावर पडते. रस्ते आणि पदपथ यांच्या किरकोळ दुरुस्तीचे काम विभागातल्या परिरक्षण खात्याकडे असते, अनधिकृत बांधकाम इमारत व कारखाने खात्याकडे, डासांची पैदास कीटकनाशक खात्याकडे आणि झाडे उद्यान खात्याकडे. सोसायटीच्या आवारातल्या झाडाची फांदी तोडायलाही परवानगी लागते. १९७५ च्या झाडे संरक्षण कायद्याखाली ती उद्यान खात्याकडेच मागावी लागते.

पाचवी पायरी : नोंद करा, पोच घ्या, जिना चढा

गळती, तुंबलेले गटार, पडलेले झाड असे काही तातडीचे असेल तर आधी १९१६ वर फोन करावा. तिथे दिवसरात्र कर्मचारी असतात. महापालिकेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर छायाचित्रासह नोंद करता येते. कोणत्याही मार्गाने गेलात तरी तक्रार क्रमांक त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, नाहीतर जुन्या मोबाइलबरोबर तो संदेशही हरवतो.

दोन-तीन दिवसांत हालचाल दिसली नाही, तर तेच पत्र दोन प्रतींत घेऊन विभाग कार्यालयात जावे. एक प्रत आवक टेबलावर द्यावी आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्यावी. ही पोच हा संपूर्ण प्रकरणाचा कणा आहे. 'साहेबांना प्रत्यक्ष भेटलो, त्यांनी हो म्हटले' या बोलण्याला सहा महिन्यांनी काही किंमत उरत नाही. शिक्क्याच्या कागदाला उरते. अधिकाऱ्यांच्या भेटीच्या वेळा दाराबाहेरच्या पाटीवर असतात, त्या पाहून जावे आणि सोबत एखाद्या शेजाऱ्याला न्यावे.

काम झालेले नसताना 'तक्रार निकाली' असा संदेश आला, तर नवी तक्रार करू नये. नव्या क्रमांकाबरोबर दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जुना क्रमांक देऊन, त्या दिवशीचे ताजे छायाचित्र जोडून, तीच तक्रार पुन्हा उघडण्याची मागणी करावी. त्यानंतरचा जिना ठरलेला आहे : कनिष्ठ किंवा दुय्यम अभियंता, मग सहाय्यक अभियंता, मग विभागाचे सहाय्यक आयुक्त, ज्यांना आपण वॉर्ड ऑफिसर म्हणतो, आणि त्यांच्यावर परिमंडळाचे उपायुक्त. अशी सात परिमंडळे आहेत. प्रत्येक पायरीला आठ-दहा दिवस द्यावेत आणि वरच्या पत्रात खालच्या पत्राचा आवक क्रमांक लिहावा. पहिल्याच दिवशी थेट आयुक्तांना पत्र लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. ते पत्र फिरून त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे येते आणि वर दोन आठवडे वाया जातात. नगरसेवकाला पत्राची प्रत जरूर द्यावी, पण मूळ तक्रार त्याच्या कार्यालयात ठेवून येऊ नये.

सहावी पायरी : सेवा आणि तक्रार यांतला फरक ओळखा

'लोकसेवा हक्क कायद्याखाली तुमच्यावर दंड होईल' असे तावातावाने सांगणारे रहिवासी मी पाहिले आहेत. त्यांचा कायदा बरोबर असतो, प्रसंग चुकतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा अधिसूचित सेवांना लागू आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, नवी नळजोडणी, निरनिराळे परवाने अशा, अर्ज करून मिळणाऱ्या सेवा त्यात येतात आणि त्यांची मुदत ठरलेली असते. गटार तुंबल्याची तक्रार ही त्या अर्थाने 'सेवा' नव्हे.

नळजोडणीचा अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही किंवा फेटाळला गेला, तर मात्र हा कायदा फार उपयोगी पडतो. मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करावे, त्यानंतर दुसरे आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. पुरेशा कारणाशिवाय विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज देताना पोच आणि सेवेची मुदत लिहून मागणे हा तुमचा हक्क आहे.

सातवी पायरी : माहिती अधिकाराचा अर्ज

तक्रारीला महिनाभर उत्तर नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक लावावे लागते, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर साधारणतः १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. ती उलटली किंवा उत्तर अपुरे वाटले, तर ३० दिवसांत २० रुपयांच्या मुद्रांकासह पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

'काम का झाले नाही?' हा प्रश्न या अर्जात विचारू नये. कायदा दप्तरी असलेली माहिती देतो, खुलासे देत नाही. त्याऐवजी कागद मागावेत : अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर दिनांकनिहाय झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत; जागेची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आणि पाहणी अहवालाची प्रत; त्या रस्त्याच्या शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख. यातला शेवटचा कागद रस्त्यांच्या बाबतीत सर्वांत मोलाचा ठरतो, कारण दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते आणि 'निधी नाही' हे कारण उरत नाही. कामाची पाहणी करण्याची आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याची सोयही याच कायद्यात आहे, पण ती फारसे कोणी वापरत नाही.

खड्ड्यामुळे इजा झाल्यास

खड्ड्याची तक्रार वरच्याच वाटेने जाते, म्हणून ती वेगळी सांगत नाही. पण अपघात झाला तर एक गोष्ट माहीत असावी. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशानुसार, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची आहे. ती मागायची तर पुरावा त्याच दिवशी गोळा करावा लागतो. खड्डा बुजण्याआधी, शेजारची ओळखीची खूण दिसेल असे छायाचित्र काढावे. पोलीस ठाण्यात नोंद करून पंचनाम्यात खड्ड्याचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही ते वाचून पाहावे. आणि रुग्णालयाच्या पहिल्याच कागदावर 'दुचाकीवरून पडून' एवढेच न लिहिता 'रस्त्यातील खड्ड्यात दुचाकी आदळून' असे नोंदवून घ्यावे.

फाइल कोणाकडे राहील?

सोसायटीच्या तक्रारी बारगळतात त्या बहुधा समिती बदलल्यावर. जुन्या सचिवांच्या मोबाइलमध्ये क्रमांक, खजिनदारांच्या कपाटात पोच आणि छायाचित्रे कोणाकडे तरी व्हॉट्सॲपवर, अशी त्यांची पांगापांग होते. आमच्याकडे आता एकच निळी फाइल आहे. पहिल्या पानावर तक्ता आहे : तारीख, विषय, खाते, तक्रार क्रमांक, आवक क्रमांक, पुढची तारीख. त्यामागे पत्रे क्रमाने लावलेली आहेत. टाकीच्या तड्याचे ते मागे घेतलेले पत्रही मी त्यात लावून ठेवले आहे. वार्षिक सभेत नवी समिती निवडली की जमाखर्चाच्या वहीबरोबर ही फाइलही सही घेऊन तिच्या हाती दिली जाते.